बुडावरची अक्षरं

सातारा,
रथसप्तमी, २५ जानेवारी २०२६

चि. मृणालला अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाचा फोन आला होता. नोकरी सोडून तू घरातूनच गिफ्ट हॅम्परचा धंदा सुरू करते आहेस म्हणे. "तिला चार शब्द सांग," म्हणाला. त्याच्या मनातले चार शब्द मला ठाऊक आहेत : करू नको गं बाई. ते मी सांगणार नाही. आज वाणाचा शेवटचा दिवस, दुपारनंतर दुकान ओस पडलंय, म्हणून निवांत लिहायला बसले.

गेले अकरा दिवस नुसती गाळणी, चिमटे आणि झाकणाच्या डब्या विकल्या. एकेक बाई पन्नास-साठ नग घेणार, एक नग पंचवीस रुपयांच्या आत हवा, आणि वर "दोन जास्तीचे घाला हो." या देण्याला आपण 'लुटणं' म्हणतो, तुझ्या कधी लक्षात आलंय? वाण लुटायचं. नक्की कोण लुटलं जातं ते गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

आता कामाचं. गिऱ्हाईक आलं की म्हणतं, "काहीतरी चांगलं दाखवा." लगेच दाखवायला लागू नकोस. आधी दोन गोष्टी विचार. कुणाला द्यायचंय? आणि दुसरं जरा आवाज खाली आणून : त्यांच्याकडून तुमच्याकडे काय आलं होतं? पहिल्याला सगळे पटकन उत्तर देतात. दुसऱ्याला थांबतात, आणि तिथेच तुझी विक्री ठरते.

घरोघरी आहेराची वही असते. मागे एक बाई वहीच घेऊन आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. कडा पिवळ्या पडलेल्या, हळदीचं बोट उमटलेलं. स्वतःच्या लग्नातल्या पानावर बोट ठेवून मला दाखवलं : 'पितळी तांब्या-भांडं', पुढे नणंदेचं नाव. आता त्या नणंदेच्या मुलीचं लग्न. "तेवढ्याच किमतीचं द्या," म्हणाल्या. अगं, तेव्हाच्या तेवढ्या पैशांत आज पेलाही येत नाही! पण त्यांना किंमत नकोच होती. वहीतली ओळ फिटायला हवी होती. कमी दिलं तर आपली लाज, जास्त दिलं तर समोरच्याच्या डोक्यावर ओझं. मी पुण्याच्या तांबट आळीतलं, ठोकून मठारकाम केलेलं तांब्याचं तांब्या-भांडं काढून दिलं. पितळेच्या बदल्यात तांबं, तांब्या-भांड्याला तांब्या-भांडं. बाई वही मिटून शांतपणे घरी गेल्या. त्यांच्या घरातलं पुढचं प्रत्येक कार्य आमच्याकडे आलं.

तुझ्या फोनवरच्या गिऱ्हाइकाची वही तुला दिसणार नाही. म्हणून ते दोन प्रश्न टाइप करून विचार, पण विचारच.

पत्रिकेवर 'आहेर आणू नयेत' छापायला लागले तेव्हा आमच्यासारख्यांना वाटलं, संपलं. लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळं खरंच गेली, आणि गेली ते बरंच झालं. एकच लेमन सेट पाच घरं फिरून आलेला मी पाहिला आहे. पण देणं थांबलं नाही, ते मांडवातून उठून घरात गेलं. आता केळवणाला देतात. डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, साठी, सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला काय द्यायचं हा आमच्या दुकानातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. त्याला वस्तू नको असते, घरातली होती तीच तो वाटून टाकत असतो. मी मऊ सोलापुरी चादर देते आणि गप्प बसते.

पंचांग मात्र भिंतीवर लावच. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे भर लग्नसराईत मुहूर्त नाहीत. ज्यांना हे सुचणार नाही ते मेच्या तोंडावर लग्नाचा माल भरून ठेवतील आणि बघत बसतील. पण अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा! तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे, वर दिवा, आणि ते सगळं ठेवायला ताम्हण, तबक, ज्याला झेपेल त्याला चांदीचं. गेल्या अधिकात, २०२३ च्या श्रावणात, आमची निरांजनं पहिल्या दहा दिवसांत संपली होती. तू तेहतीस खणांचं एक खोकं करून बघ, अनारसे ज्या बाईचे चांगले होतात तिच्याकडून घे. आणि लक्षात ठेव, अधिकामुळे पुढचे सण लांबतात. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले, यंदा १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा बघून माल मागवलास तर अडीच-तीन आठवडे पैसे अडकून पडतील.

कराचं थोडक्यात, कारण मला त्याचा कंटाळा आहे. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, असं तुला कुणीतरी सांगितलं असेल. बरोबर आहे, पण राज्यातल्या राज्यात. बेळगावला एक खोकं विकलंस तरी ते परराज्य झालं, आणि तिथे बहुतेक मालाला ही सवलत चालत नाही. दुसरं, वेगवेगळ्या वस्तूंचं खोकं एकाच किमतीला विकलंस की त्यातला सगळ्यात चढा दर सगळ्या खोक्याला लागतो. ५ टक्क्यांच्या कंदी पेढ्यांशेजारी १८ टक्क्यांचा परफ्यूम ठेवलास की पेढ्यांवरही १८. खोकं भरण्याआधी हा हिशेब कर, नंतर नाही. खाण्याचं काही घरी करून घालणार असशील तर अन्नसुरक्षेची नोंदणीही घे.

आता माझी फजिती. एका कंपनीनं दिवाळीसाठी दीडशे खोकी सांगितली, लाकडी, झाकणावर त्यांचं बोधचिन्ह. मी हुरळले. आगाऊ रक्कम मागायला लाज वाटली, एवढ्या मोठ्या माणसांना कसं म्हणायचं! धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी फोन : नव्वदच पाठवा. साठ खोकी राहिली. झाकणावर दुसऱ्याचं नाव कोरलेली भेट कोण घेणार? आमच्या घरात सुईदोरा, खिळे, गणपतीची वस्त्रमाळ, यांच्या गोळ्या, सगळं अजून त्या कंपनीच्या नावाखाली राहतं. तू कधी आलीस तर बघ, देवघरातसुद्धा आहे. तेव्हा अर्धे पैसे आधी, आणि नाव सगळ्यात शेवटी घालायचं, पैसे हातात आल्यावर.

नावावरून आठवलं. भांड्यावर नाव घालायचं असेल तर ते गिऱ्हाइकाच्या हातानं कागदावर लिहून घे आणि खाली सही घे. आमच्याकडचा मुलगा मशीन हातात घेतो, ते मधमाशीसारखं गुणगुणत स्टीलवर फिरतं, आणि एकदा अक्षर उठलं की खोडता येत नाही. एका वर्षश्राद्धाच्या डब्यांवर 'कै.'च्या जागी 'चि.' पडलं होतं. पंचवीस डबे. त्या घरातला मुलगा ते बघून हसला आणि मग बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मी पैसे घेतले नाहीत. घेता आलेच नसते.

एक जुनी युक्ती तुला देते. वस्तू आपल्याला कितीला पडली ते तिच्या बुडावर अक्षरांत लिहायचं. दहा वेगवेगळ्या अक्षरांचं एक वाक्य करायचं, पहिलं अक्षर म्हणजे एक, दहावं म्हणजे शून्य. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की वस्तू उलटी करून बघायची, कुठवर उतरायचं ते कळतं. आमचं वाक्य माझ्या सासऱ्यांनी केलेलं आहे. पत्रात लिहीत नाही.

या अक्षरांचा एक तोटा आहे, तोही सांगते. यांच्या साठीला मी दुकानातलंच एक टेबलावरचं घड्याळ काढलं, चांगल्या कागदात बांधलं, रात्री जेवणं झाल्यावर हातात ठेवलं. दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा आमच्याकडे ओवाळणी दुकान बंद करून आल्यावर, रात्री अकराला होते, तसंच हेही. यांनी कागद सोडला, घड्याळ उलटं केलं, बुडावरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "चारशे दहा? बरं पडलं की." रागानं नाही. खूश होऊन.

मग लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मी पुण्यात, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी तुझ्याच वयाची. "कुणासाठी हवंय? काय आवडतं त्यांना?" मला काही सुचेना. इतकी वर्षं हेच मी लोकांना विचारत आले, आणि तिथे उभी राहून म्हणाले काय, तर "काहीतरी चांगलं दाखवा."

शेवटी एक शर्ट घेतला. घासाघीस केली नाही. यांनी तो आतून-बाहेरून उलटा करून बघितला, कॉलरच्या आत, बाहीच्या टोकाला. किंमत मी सांगितलेली नाही. अजून विचारतात.

पुढच्या महिन्यात खरेदीला पुण्याच्या बोहरी आळीत यायचंय. निघायच्या आदल्या दिवशी फोन करते. सकाळी स्वारगेटला ये, पायात चपला सपाट घाल आणि दोन मोठ्या पिशव्या आण. ते दहा अक्षरांचं वाक्य तेव्हा कानात सांगेन.

तुझी,
आत्या