कडकपणाचा हक्क

कुर्डुवाडीत काय नि बार्शीत काय, मुलाला क्रिकेटच्या शिबिरात घालताना बापाचा प्रश्न ठरलेला असतो : ‘सर कडक आहेत ना?’ कडक माणसाच्या हाताखाली पोरगे घडते, ही आपली जुनी श्रद्धा. खेळाच्या मैदानावर या श्रद्धेचे आजवर काय झाले, ते तपासून पाहण्यासारखे आहे.

सत्तरच्या दशकात भारतीय संघाला प्रशिक्षक नसे. दौऱ्यापुरता व्यवस्थापक असे. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर ही जबाबदारी लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांच्याकडे होती. माणूस लष्करातला, स्वतः अव्वल क्षेत्ररक्षक, त्यामुळे सरावात हयगय खपत नसे. त्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर विजय मिळवून इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. त्याच काळात जपानमध्ये तेत्सुहारू कावाकामी हे बेसबॉलचे कडक व्यवस्थापक योमिउरी जायंट्सला १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे अजिंक्यपद मिळवून देत होते. शिस्त लावली की विजय आपोआप येतो, असे वाटायला एवढे पुरेसे होते. पण १९७४ मध्ये अधिकारी तेच, कर्णधारही तोच, आणि लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला. मालिका ०-३ अशी गेली. शिस्त लावणारा माणूस तर बदलला नव्हता!

कडकपणाच्या या कल्पनेला वेगळे वळण मिळाले ते शिवाजी पार्कवर. तिथले प्रशिक्षक रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले. सचिन तेंडुलकरच्या स्टंपवर ते रुपयाचे नाणे ठेवत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे, आणि तो टिकला तर त्याचे. २०१३ साली निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले की, सरांनी आपल्याला ‘छान खेळलास’ असे कधीच म्हटले नाही. पण हेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेत. धाकाच्या मागे त्यांची स्वतःची झीज होती. शिष्याने धाक मानला तो त्यामुळे.

जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा दोन्ही संघांचे प्रशिक्षक आचरेकरांचेच शिष्य होते : मध्य प्रदेशचे चंद्रकांत पंडित आणि मुंबईचे अमोल मुझुमदार. पंडितांचा वचक सर्वश्रुत. २०१७ च्या अंतिम सामन्यातील पराभवानंतर मुंबईने त्यांना दूर केले, आणि त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोन वर्षे रणजी जिंकून दिली. १९९९ मध्ये मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून ज्या मैदानावर ते अंतिम सामना हरले होते, तिथेच त्यांनी २०२२ मध्ये त्याच संघाला करंडक मिळवून दिला. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा सहावा. पुढे आयपीएलमध्ये कोलकात्याकडे गेल्यावर मात्र त्यांची शैली परदेशी खेळाडूंना जड गेल्याचे त्या संघात खेळलेल्या डेव्हिड वीझने जाहीरपणे सांगितले. २०२४ चे विजेतेपद आले, तरी ही कुरबूर विसरली गेली नाही. रणजीत प्रशिक्षक हंगामभर खेळाडूंसोबत राबतो. आयपीएलमध्ये जेमतेम दोन महिने. एवढ्यात धाक जाणवतो, त्यामागची झीज दिसत नाही.

मुझुमदार स्वभावाने शांत. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताची टोपी त्यांना मिळाली नाही. २०२३ च्या अखेरीस ते महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात लागोपाठ तीन सामने गेले. इंग्लंडविरुद्धच्या पराभवानंतर सर ड्रेसिंग रूममध्ये कडक बोलले, पण मनापासून बोलले म्हणून ते कुणाला लागले नाही, असे कर्णधार हरमनप्रीतने पुढे सांगितले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दोन वर्षे शांतपणे राबलेल्या माणसाचे एकदाचे रागावणे संघाने मानले.

म्हणजे कडकपणा हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. तो एक हक्क आहे, आणि मुलांसाठी स्वतः झिजणाऱ्यालाच तो मिळतो. तेव्हा बापांनो, सर कडक आहेत का, हे नंतर विचारा. आधी विचारा, सर मैदानावर किती वेळ असतात?