दोन डोळे, इंद्रिय एकच

गाठ कर्करोगाची निघाली आणि माझा उजवा डोळा काढावा लागला. वर्षानुवर्षं न्यायदर्शन शिकवलं, त्यामुळे गौतमाचा तो वाद मनातून हलेना. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजवा ओळखतो. म्हणजे पाहणारा डोळ्यांहून निराळा, तोच आत्मा. प्रतिपक्षी म्हणतो, इंद्रिय एकच, मधल्या नाकाच्या हाडामुळे दोन वाटतात. त्यावर उत्तर : एक गेला तरी दुसरा राहतो, म्हणून दोनच. भाष्यकार वात्स्यायन दोन मानतो. वार्तिककार उद्योतकर मात्र एकच.

सर्जनने बुबुळासकट गोळा काढला, पण तो फिरवणारे स्नायू जपले आणि खोबणीत बसवलेल्या गोल इम्प्लांटला शिवले. सूज ओसरेपर्यंत पापण्यांमागे कन्फॉर्मर, म्हणजे तात्पुरती कवची, होता. मग खोबणीचं माप घेऊन अ‍ॅक्रिलिकची कवची घडवली. घडवणाऱ्या ताईंनी मला उजेडात बसवलं, माझा डावा डोळा न्याहाळत तपकिरी बुबुळ हाताने रंगवलं, पांढऱ्या भागावर शिरांसाठी लाल रेशमाचे बारीक धागे ठेवले. किती जीव लावून केलं होतं त्यांनी!

आरशात ती कवची हलते. पूर्ण नाही, पण हलते. पाहायला काही उरलेलं नाही, तरी ते स्नायू जोडीदाराबरोबर वळतातच. आणि चहा ओतताना धार कपाबाहेर जाते, कारण दोन डोळ्यांच्या किंचित वेगळ्या चित्रांतून जी खोली कळायची ती कुठल्याच एका डोळ्याची नव्हती. माझा कौल उद्योतकराला. फांदी तोडली तरी झाड झाडच राहतं, हा प्रतिपक्षाचा दृष्टान्त मला पटतो.

मग आत्म्याचा पुरावा गेला का? मुळीच नाही. त्या अध्यायाचं पहिलंच सूत्र सांगतं : जे पाहिलं तेच स्पर्शाने जाणणारा एकच असतो. हल्ली मी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवते, मगच ओतते. दिसलेला काठ आणि हाताला लागलेला काठ एकच, हे ना डोळा ठरवू शकतो, ना हात. हा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. त्याला डोळे मोजावे लागत नाहीत. जन्मांधासाठी वासाने कळलेला आंबा आणि जिभेवरचा आंबा घ्यावा, तिथेही ओळखणारा तोच.