खाचेतली गाडी आणि कर्माचा प्रश्न

स्लॉट कारच्या शर्यतीत गाडी ट्रॅकवरच्या खाचेतूनच धावते. वाट ठरलेली, स्पर्धकाच्या हाती फक्त वेग. वळणावर तो जास्त झाला, की गाडी बाहेर फेकली जाते. इंग्लंडमध्ये १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांची ‘स्केलेक्स्ट्रिक’ आली आणि हा खेळ घराघरांत पोहोचला.

माणसाचं आयुष्यही असंच आखलेलं असतं का?

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. कर्माचं बंधन मानूनही त्यांनी प्रयत्नाला जागा ठेवली. त्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्मानं आजची स्थिती ठरते, हे मत त्यांनी नाकारलं. ते मानलं, तर गरिबाच्या दुःखाची जबाबदारी समाजावर उरतच नाही.

स्लॉट कार क्लबांच्या अजिंक्यपदाच्या रात्री या वादाला भिडणारा एक नियम दिसतो. आतली आणि बाहेरची लेन सारखी नसते. म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक स्पर्धक आळीपाळीने सगळ्या लेनमधून गाडी चालवतो आणि फेऱ्यांची बेरीज होते. वाट्याला आलेली लेन कुणालाच कायमची चिकटत नाही. जन्मानं मिळालेल्या जागेबाबत आंबेडकरांचा आग्रह हाच होता, आणि संविधानाचं १५वं कलम जातीवरून भेदभाव करायला राज्याला स्पष्ट मनाई करतं.