भवतृष्णा आणि पाचशे तास

व्हिडिओ गेममधील ‘ओपन वर्ल्ड’ या प्रकारात खेळाडूला ठरलेल्या वाटेने जावे लागत नाही. नगरे, डोंगर, जंगले यांचा एक सबंध प्रदेश त्याच्यापुढे मोकळा असतो. ‘रोल-प्लेइंग’ प्रकारात तो एखादे पात्र धारण करून त्याचे शील, कौशल्य आणि नशीब घडवतो. हे दोन्ही प्रकार जेथे एकत्र येतात असा नवा खेळ जाहीर झाला, की तो हाती पडेपर्यंत कित्येकदा वर्षे उलटतात (‘द एल्डर स्क्रोल्स ६’ची घोषणा जून २०१८ मध्ये झाली, त्याच्या आधीचा ‘स्कायरिम’ तर नोव्हेंबर २०११ मधला), आणि या प्रतीक्षेत चाहते पुन्हा पुन्हा विचारतात ते हेच, की खेळ किती तासांचा आहे. प्रश्न वरकरणी गिऱ्हाइकाचा वाटतो; परंतु दुसरे एक आयुष्य जगायला मिळावे आणि ते होता होईल तो लांबावे या इच्छेचे मोल काय, हा धर्मविचारातला जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे.

जानेवारी २०२२ मध्ये टेकलँड या पोलिश कंपनीने ‘डाइंग लाइट २’ संपूर्ण खेळायला ५०० तास लागतील असे अभिमानाने जाहीर केले, तेव्हा कौतुकाबरोबर कुरकुरही इतकी झाली, की मुख्य कथा सुमारे २० तासांचीच आहे असा खुलासा तिला लगोलग करावा लागला. वाट पाहणाऱ्याला प्रतीक्षा संपायला हवी असते, खेळ मात्र संपायला नको असतो, आणि तो खरोखरच न संपणारा निघाला तर त्याचीही धास्ती वाटते.

या विसंगतीला बौद्ध परंपरेने फार पूर्वी नाव दिलेले आहे. दुसऱ्या आर्यसत्यात तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत: विषयभोगाची ती कामतृष्णा, नाहीसे होण्याची ती विभवतृष्णा आणि काहीतरी होण्याची, होत राहण्याची ती भवतृष्णा. पात्र निवडून त्याची पातळी चढवत नेणारा खेळाडू भवतृष्णेचे चालतेबोलते उदाहरण ठरावा. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात बुद्ध ज्या खेळांपासून दूर राहतो त्यांची यादी आली असून तीत ओळीला आठ आणि दहा घरे असलेल्या पटांवरील खेळांबरोबर ‘आकास’ हाही आहे. पट न मांडता, तो मनातच कल्पून खेळायचा खेळ, असा त्याचा अर्थ अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, दिला आहे. बाजारात न आलेल्या खेळाचा नकाशा डोक्यात रचणाऱ्याला या यादीत जागा मिळायला हरकत नसावी.

लांबीच्या प्रश्नावर मात्र अधिक बोलकी आहे ती योगवासिष्ठातील लवण राजाची कथा. दरबारात आलेल्या एका जादूगाराच्या प्रभावाने राजा निश्चल होतो आणि तेवढ्या अल्प अवधीत घोड्याने अरण्यात नेलेला, भुकेने व्याकूळ झालेला, अन्नाच्या बदल्यात चांडालकन्येशी लग्न करून तिच्या वस्तीत साठ वर्षे काढणारा माणूस म्हणून जगतो. दुष्काळ पडतो, मूल खायला मागते, स्वतःचे मांस त्याला मिळावे म्हणून तो आगीत उडी घेऊ लागतो आणि सिंहासनावर भानावर येतो. पुढे तो विंध्यात शोध घेतो, तर ती वस्ती खरोखरच सापडते. ‘स्कायरिम’मध्ये जग गिळायला निघालेला ड्रॅगन मोकाट असताना खेळाडू खुशाल फुलपाखरे पकडतो, घर बांधतो आणि ड्रॅगन त्याच्यासाठी थांबतो, लवणाचा दुष्काळ त्याच्यासाठी थांबत नाही. खेळाची लांबी सुखाची वाटते ती बाहेर पडण्याचे बटण हाताशी असते म्हणून. तेच काढून घेतले, तर पाचशे तास ही शिक्षा होईल.

या कथेत एक गोष्ट खटकते आणि ती खटकायलाच हवी. राजासाठी जे दुःस्वप्न आहे ते त्या वस्तीतल्या माणसांचे आयुष्य आहे, आणि त्यांना जागे होण्यासाठी दुसरे सिंहासन नाही. त्याच विंध्याच्या कडेला, महूच्या लष्करी छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. ज्या ‘काळी पलटण’ भागात तो झाला तेथे आज त्यांचे स्मारक आहे आणि २००३ पासून गावालाही त्यांचेच नाव आहे. जातीने दिलेली भूमिका न निवडता मिळते आणि खेळ थांबवण्याची सोय तीत नसते, हे त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. म्हणूनच ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांविषयी त्यांनी घेतलेली शंका येथे महत्त्वाची ठरते: जीवन, मरण, पुनर्जन्म सारेच दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही, मग ही सत्ये मूळ बुद्धवचन की भिक्षूंनी मागाहून घातलेली भर? पंडितांना ही शंका मान्य नसेलही. पण ज्याला काही होण्याचीच मनाई आहे त्याच्या होण्याच्या इच्छेला सरसकट बंधन म्हणणे अन्यायाचे आहे, हा तिच्यातून निघणारा मुद्दा खोडणे कठीण आहे.

भवतृष्णेचा ठपका, तेव्हा, सर्वांवर सारखा ठेवता येत नाही. आरामखुर्चीत बसून तिसरे-चौथे आयुष्य मागणाऱ्यावर तो ठेवता येईल. हिंदू म्हणून मरणार नाही, असे आंबेडकरांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जाहीर केले आणि नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. या २१ वर्षांनाही प्रतीक्षाच म्हणावे लागेल, पण ती दुसऱ्या कोणी घडवलेल्या वस्तूची नव्हती. खेळात पात्राचे नियम आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असतात. नागपूरला जमलेल्या लाखोंना दिलेल्या २२ प्रतिज्ञा आंबेडकरांना स्वतः लिहाव्या लागल्या.