परीक्षकाच्या खुर्चीवर

स्वस्थ बसा. श्वास संथ होऊ द्या.

शिरूर तालुक्यातली एखादी शाळा मनात आणा. व्हरांड्यात बाकं मांडली आहेत, फळ्यावर ‘पाककला स्पर्धा’ असं लिहिलं आहे. शाळेत मुलांना जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेने २०२१ पासून गावपातळीवरही अशा स्पर्धांना प्रोत्साहन दिलं. आसपास पिकतं त्यातूनच मुलांसाठी नवे पदार्थ सुचावेत, हा हेतू. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष; तेव्हा ज्वारी-बाजरीचा मान आणखी वाढला.

आज परीक्षक तुम्ही आहात. समोर बाजरीचे लाडू, ज्वारीची धिरडी, शेवग्याच्या पाल्याच्या वड्या, दौंडकडच्या गुऱ्हाळातला गूळ घातलेली खीर. घाई नको. आधी नुसतं पाहा. मग वास घ्या. मग एक घास.

थांबा. मनाला विचारा : गुण कशाला द्यायचे? मांडणीला? नवेपणाला? की हा पदार्थ उद्या, परवा, रोज पोरांच्या ताटात पडू शकेल, याला?

आता शेवटच्या बाकाकडे वळा. तिथे बाजरीची भाकरी आहे. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ तळहाताने रेटून रेटून मळावं लागतं. जुनं पीठ कडवट होतं, म्हणून दळण थोडंच आणायचं. पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, गेली, की थापताना भाकरीच्या कडा चिरतात. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. गुणपत्रिकेत यासाठी रकाना नाही. या जाणतेपणापाशी थोडा वेळ थांबा.

स्पर्धा वर्षातून एखाद्या दिवशी भरते. पाककला घरात दोन्ही वेळा घडते, आणि तिथेही परीक्षक आपणच असतो. मीठ कमी पडलं तर लगेच बोलतो; बेताचं पडलं तर गप्प जेवतो. हे मनात नीट उतरू द्या.

स्पर्धा हव्यातच. शाळेत रोज खिचडी शिजवणाऱ्या बाईंसाठी सारा गाव टाळ्या वाजवतो, तेव्हा त्यांच्या कामाचं मोल चारचौघांत मान्य होतं. तोच मान घरच्या हातांनाही हवा. ते हात कुणाचे, आठवा.

आज जेवताना काय आवडलं ते नेमकं सांगा : पदर छान सुटलाय, फोडणी करपली नाही. आणि मग विचारा, “हे कसं केलंस? मला शिकवशील?” ज्याने एकदा स्वतः भाकरी थापली, तोच पुढे नीट गुण देईल.