कुऱ्हाड आणि जाब

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दाट अरण्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड बांधव आपल्या या आदिस्थानाच्या दर्शनाला येतात. परंपरेने त्यांच्यातील कुळे एखादे झाड, पशू वा पक्षी आपला मानून जपतात. मग वृक्षाला पूज्य मानणाऱ्याने कुऱ्हाड उचलावी काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात याचे एक उत्तर सापडते. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानून त्यावरचा गावाचा हक्क मान्य केला. २००९ साली मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोडणाऱ्यांना उद्याही तेथेच राहायचे होते. म्हणून किती तोडावे, हेही त्यांनाच ठरवावे लागले.

आम्हांला वाटते, ज्याला उद्याचा जाब द्यायचा नाही, त्याचीच कुऱ्हाड पापी ठरते. त्याच बांबूच्या कागदावर लिहिणारे आम्ही तरी कोठे निर्दोष आहोत? अरण्यवासीयांना उपदेश करण्यापूर्वी आपण आपल्या गरजांना कुंपण घालू या.