उकिरडा फुंकणाऱ्यांच्या बाजूनं

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या वर्ध्यात एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं भरली होती, एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही. म्हणजे भांडणाला गावाची ना नव्हती. तरी स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर, पुस्तकांच्या गाळ्यांमागं चहा पिताना, एका सेवानिवृत्त प्राध्यापक मित्रानं मला जे सुनावलं ते मी अजून पोटात ठेवून आहे. मी कॉलेजातल्या दोन पोरांशी हुज्जत घालत होतो. विषय : 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा सगळ्यात भिकार भाग कोणता. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उकिरडे फुंकायची फारच हौस तुम्हाला. चांगलं निवडायला रसिकता लागते. वाईट निवडायला रिकामा वेळ पुरतो."

पुढं त्यांनी हेच वाक्य जरा सोवळं नेसवून एका दिवाळी अंकात छापलं. सोबत थिओडोर स्टर्जनला साक्षीला उभं केलं. या अमेरिकन विज्ञानकथाकाराचं म्हणणं प्रसिद्ध आहे : विज्ञानकथा नव्वद टक्के टाकाऊ असते, कारण जगातलं सगळंच नव्वद टक्के टाकाऊ असतं. मग त्या नव्वद टक्क्यांत क्रमवारी कशाला लावत बसायची, असा प्राध्यापकांचा सवाल. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, किंवा त्यांना ठाऊक नसावी. याच स्टर्जननं 'स्टार ट्रेक'साठी कथा लिहिल्या. त्यातली १९६७ ची 'अमोक टाइम' चाहते आजही वरच्या ओळीत बसवतात. टाकाऊ नव्वद टक्क्यांचा हिशेब मांडणारा माणूस स्वतः त्याच कारखान्यात कामाला होता. तो उकिरड्याकडं नाक मुरडून पाहत नव्हता, त्याच्या कडेला बसून लिहीत होता.

आता मुद्दा. सर्वोत्तम निवडायला खरंच काय लागतं? बहुतेक वेळा काहीच नाही. चार लोक ज्याचं नाव घेतात त्याचंच आपण पाचवे म्हणून घेतो. वाईट ठरवायचं तर सगळं पाहिलेलं असावं लागतं. बापूंनी आयुष्यात एकच हिंदी सिनेमा पाहिला म्हणतात, 'रामराज्य'. एकच पाहिला की सगळ्यात वाईट कोणता हा प्रश्नच मिटतो. सेवाग्रामला ते शोभतं. आमच्यासारख्या संसारी प्रेक्षकांना ती सोय नाही.

यावर मी इंग्रजांच्या 'डॉक्टर हू'चा दाखला देतो, आणि तो जरा सविस्तर देणार आहे, कारण प्राध्यापकांना तो पुरून उरेल. १९६३ साली सुरू झालेली ही मालिका. काळातून फिरणारा एक परग्रहवासी, मरायला टेकला की नवं शरीर घेतो. म्हणजे नट बदलायची कायमची तजवीज. 'डॉक्टर हू मॅगझिन'नं २००९ मध्ये तोवरच्या २०० कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी'. दोनशेवी आली 'द ट्विन डिलेमा'. आता तारखा पाहा. पहिली संपली १६ मार्च १९८४ ला, दुसरी सुरू झाली २२ मार्चला. मध्ये सहा दिवस. निर्माता तोच, संहिता-संपादक तोच, वाहिनी तीच. लेखक-दिग्दर्शक बदलले आणि डॉक्टरचं शरीर बदललं, एवढंच. शिखर आणि दरी यांच्यात एक आठवडासुद्धा नाही.

पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, पुन्हा कौल घेतला. कथा आता २४१ झाल्या होत्या. पहिल्या नंबरावरून 'अँड्रोझानी' उतरली, तिथं नुकतीच आलेली 'द डे ऑफ द डॉक्टर' बसली. तळाला? तीच 'ट्विन डिलेमा'. चाळीसेक नव्या कथा आल्या, पण तळाची जागा तिनं कुणाला दिली नाही. रसिकतेनं निवडलेलं सर्वोत्तम पाच वर्षांत हललं आणि रिकाम्या वेळेनं निवडलेलं वाईट जागचं हललं नाही. प्राध्यापकसाहेब, कोणतं मत पक्कं म्हणायचं?

बरं, तिच्यात एवढं वाईट काय? स्वस्तातले राक्षस आणि डुगडुगणारे देखावे तर त्या मालिकेच्या पाचवीला पुजलेले. 'ट्विन डिलेमा'त नवा डॉक्टर शुद्धीवर येतो आणि आपल्याच सोबतिणीचा, पेरीचा, गळा आवळतो. लोकांना खुपलं ते हे. वीस वर्षं मुलांना सांगितलं होतं की हा माणूस कसाही दिसला तरी त्याच्यासोबत तुम्ही सुरक्षित आहात. तो शब्द पहिल्याच भागात मोडला. वाईट भाग म्हणजे खराब बनवलेला भाग नव्हे, शब्द मोडणारा भाग, हे मला त्या शेवटच्या क्रमांकानं शिकवलं. पहिल्या क्रमांकानं काहीच शिकवलं नाही.

'स्टार ट्रेक'चं उलट. १९६८ चा 'स्पॉक्स ब्रेन' हा भाग : परग्रहावरची बाई यानावरच्या स्पॉकचा मेंदू चोरून नेते आणि बाकीचे त्याच्या रिकाम्या धडाला रिमोटवर चालवत मेंदू शोधायला निघतात. हास्यास्पद, पण त्यावर कुणी चिडलेलं मी पाहिलं नाही. लोक तो मुद्दाम लावून पाहतात, घरातल्या वेंधळ्या काकाचे किस्से सांगावेत तसे. त्या दिवशी चहाच्या गाळ्यावर माझं आणि पोरांचं भांडण नेमकं इथं होतं. ती 'स्पॉक्स ब्रेन' म्हणत होती, मी १९८९ चा 'शेड्स ऑफ ग्रे' म्हणत होतो. पैसे संपले म्हणून जुन्या भागांचे तुकडे जोडून भाग उरकला. मूर्खपणा मी माफ करतो, अंगचोरी नाही.

इथवर मी जिंकत होतो असं माझं मत. पण २० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले आणि माझ्याच युक्तिवादानं माझा कान धरला.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ एवढी खटपट करतो कशासाठी? कथा टाकाऊ असली तर परीक्षकांना ती निःसंकोच टाकता यावी म्हणून. बक्षीस मिळालं, नाव उघड झालं आणि त्या दिवसापासून आम्ही ती मुभा संपवली. पुढची पन्नास वर्षं नारळीकरांची सगळ्यात फसलेली कथा कोणती, यावर मराठीत कुठं वाद रंगलेला मी ऐकला नाही. ते गेल्यावर जे लेख आले ते हार घातलेले होते. त्यातला एक माझा होता, एक प्राध्यापकांचा. दोघांनी तीच पाच पुस्तकं मोजली. माझा लेख लिहिताना मी त्यातलं एकही पुन्हा उघडलं नव्हतं. ज्यांना आपण मखरात बसवतो त्यांना वाचायचं राहून जातं, आणि मखर बांधणाऱ्यांत मीही होतो, हे इथं कबूल करतो.

दुसरी कबुली याहून अवघड आहे. 'सगळं पाहिलेलं असावं लागतं' असं मी वर ठासून लिहिलंय.

'शक्तिमान' लागायचं तेव्हा मी सुट्टीत मामाच्या गावी असे, देवळी तालुक्यात. रविवारी दुपारी बाराला आम्ही आठ-दहा पोरं कापसाच्या खोलीत, ढिगावर बसून, अंग खाजवत, पोर्टेबल टीव्हीसमोर. एक जण बाहेर अँटेनाच्या खांबाशी. आणि हमखास लाइन जायची. मग मामा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत, चिमटे लावत. चित्र परत येईपर्यंत खलनायक किल्विषचा अंधार पडद्यावर आणि खोलीतही. माझ्या मते त्या मालिकेचा सगळ्यात वाईट भाग तो, ज्यात महिनाभर ताणलेली लढाई होणार होती आणि अर्धा वेळ मागचंच दाखवत राहिले. मामेभाऊ म्हणायचा, "तुले काय समजते बे, खराब तर शेवटच्या छोटी-छोटी बाता असतेत. दर वेळी असतेत." या भांडणात आम्ही दोघं म्हातारपणाकडं आलो.

मागच्या पोळ्याला त्याच्याकडं गेलो होतो. तो सहज म्हणाला, "पण तू तो लढाईचा भाग पाहिलाच कोठी? त्या दिवशी बॅटरीच नव्हती. ट्रॅक्टर शेतात होता. तुले मीच सांगितला." मी आठवून पाहिलं. खरं होतं. पंचवीस वर्षं ज्या भागाविरुद्ध मी साक्ष देत आलो तो मी पाहिलेला नाही. त्यानं तरी तो कुठं पाहिला, हे विचारलं तर हसायला लागला.

तेव्हा सगळं पाहून मत देण्याचा माझा आग्रह मी मागं घेतो. 'डॉक्टर हू'ला मत देणाऱ्यांतही काही जणांनी ऐकूनच शेवटचा नंबर दिला असेल. प्राध्यापकांचं 'रिकामा वेळ' हेही तेवढ्यापुरतं खरं. फक्त तो वेळ रिकामा नव्हता. लाइन येईपर्यंत त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही न दिसलेला भाग एकमेकांना सांगत होतो, खोडत होतो, याहून बरा कसा झाला असता ते ठरवत होतो. माझ्या आयुष्यातली समीक्षेची पहिली बैठक तीच. विद्यापीठातल्या नंतरच्या बैठकांत एवढं मोकळं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आता या दिवाळीला नारळीकर पुन्हा वाचायला काढलेत, या वेळी जगतापांचे म्हणून. सगळ्यात फसलेली म्हणून माझं मत 'वामन परत न आला' या कादंबरीला. पात्रं बोलतात कमी, एकमेकांना समजावून सांगतात जास्त, आणि शेवट अर्धा नावातच फुटलाय. प्राध्यापकांचं मत वेगळं असणार. त्यांनी ते कादंबरीच्या नावासकट, पुढच्या अंकात छापावं.